दुखणं अंगावर काढू नका

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात कंबर धरून चाललेल्या बाईला विचारा, काय होतंय? 'काही नाही, जरा अंगात कणकण हाय' एवढंच उत्तर येईल. रक्त कमी असलं, पांढरं जात असलं, गरोदरपणात पाय सुजले असले, तरी उत्तर बदलत नाही. याला आपल्या भाषेत नेमका शब्दप्रयोग आहे: दुखणं अंगावर काढणं. बागायतदाराच्या घरात असं बोललं जात नाही. तिथे पोट दुखलं तर गाडी काढतात आणि तुळजापूरचा माणूस सोलापूर गाठतो, परंड्याचा माणूस बार्शी गाठतो. गाडी नाही, रोजगार बुडवायची सोय नाही आणि सोबत यायला कुणी नाही, तेव्हा दुखणं अंगावर काढलं जातं. आरोग्यातली विषमता म्हणजे काय, हे समजायला याहून वेगळी व्याख्या लागत नाही.

धाराशिव जिल्ह्यात गेल्या तीसेक वर्षांत काही बायका घरोघर फिरून 'अंगावर काढू नका' असं सांगत आल्या. कधी त्यांना भारतवैद्य म्हणत, कधी आरोग्य सखी. आज गावोगाव त्यांना आशाताई म्हणतात. त्यांच्या कामाचा हा इतिहास आहे.

निजामाचा मुलूख, सुईणीचा हात

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरल्या. चार दिवसांत संस्थान पडलं आणि उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, स्वतंत्र भारतात आला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी भोर समितीने १९४६ मध्येच गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला होता. निजामी मुलखातल्या या जिल्ह्यापर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रं पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. इमारत उभी राहिली तरी डॉक्टर मुक्कामाला राहीलच असं नव्हतं. नर्सबाईच्या वाट्याला पाच-सहा गावं, त्यांच्यामधले ओढे आणि दिवसातून एकदा येणारी एसटी.

मधल्या काळात गावाचा दवाखाना म्हणजे सुईण. तिच्या हातात कसब होतं, अनुभव होता, पण नाळ कापायला घरातलंच पातं आणि वरून हळद किंवा राख. बाळाला पहिला चीक पाजायचा नाही, तो पिळून टाकायचा. गरोदर बाईने कमी खायचं, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल. बाळंतिणीचं पाणीही तोडायचं. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते अशी समजूत. पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात जी बाळं धनुर्वाताने किंवा न्यूमोनियाने जात, त्यांच्याबद्दल 'सटवाईने तेवढंच लिहिलं होतं' असं म्हणून घरचे गप्प बसत. कागदोपत्री त्या बाळांचा जन्मही नोंदलेला नसे आणि मृत्यूही.

शिवेपलीकडचं जामखेड

भूम आणि परंडा तालुक्यांची शीव ओलांडली की जामखेड लागतं. तोही तसाच अवर्षणाचा आणि तसाच ऊसतोडीला जाणारा मुलूख. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे आलं. दोघंही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये घेतलं होतं. तेव्हा त्या गावांमध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षभराच्या आत दगावत.

आरोळ्यांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्स गावांत पाठवून पाहिल्या. त्या गावात राहायला तयार नव्हत्या आणि गावही त्यांना आपलं म्हणेना. मग गावातलीच बाई का नको, असा विचार पुढे आला. निवडलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. त्यात दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एक-एक विषय तोंडपाठ करून परत जात. ज्या गावात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच गावात त्या बाळंतपणाला जाऊ लागल्या. १९७६ पर्यंत बालमृत्यूचा आकडा १७६ वरून ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आलं. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा केली, तेव्हा ज्या थोड्या प्रयोगांचे दाखले पुढे होते त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला गेल्या आणि तिथल्या मोठ्या सभेत मराठीतून बोलल्या. दिवाणखान्यातलं झुंबर महाग असतं आणि त्याला वीज लागते, मी म्हणजे साधी पणती, पण एका पणतीवर दुसरी लावता येते, अशा आशयाचं त्यांचं बोलणं आजही सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत सांगितलं जातं.

सरकारनेही हे पाहिलं होतं. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्रातल्या जनता सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये. कल्पना तीच, पण निवड गावच्या पुढाऱ्यांच्या हाती गेली. बहुतेक ठिकाणी पुढाऱ्याच्या भावकीतला, थोडा शिकलेला पुरुष नेमला गेला. बाळंतिणीच्या खोलीत त्याला प्रवेश नाही आणि दलित वस्तीवर जायची त्याला गरज वाटत नाही. योजनेचं नाव पुढे दोनदा बदललं, पण ती पेटी वस्तीच्या उंबऱ्यापर्यंत क्वचितच पोचली. गावचा आरोग्य कार्यकर्ता कोणत्या घरातून येतो यावर तो कोणत्या घरात जाणार हे ठरतं, एवढा धडा या योजनेने महागात शिकवला.

३० सप्टेंबर १९९३

त्या रात्री लोक गणपती बुडवून आले होते आणि दमून झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण तडाखा शेजारच्या उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यालाही तेवढाच बसला. सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. मृतांचा आकडा सुमारे ८ हजारांवर गेला आणि ५२ गावं जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झाली. पुढचे कित्येक महिने माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली.

भूकंपाने घरं पाडली तशी काही पडदेही पाडले. पुनर्वसनाच्या कामात गावाशी बोलायला माणसं हवी होती. घराचा नकाशा काय, सिमेंट कुठे मिळतं, पैशाचा हप्ता कधी येतो, हे बायकांना सांगायला बायकाच लागणार होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर आणि उस्मानाबादच्या शेकडो गावांत अशा बायका उभ्या केल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. तोवर चारचौघांत तोंड न उघडणारी बाई इंजिनिअरला अडवून भिंतीत भूकंपरोधक आडवा पट्टा का टाकला नाही हे विचारू लागली. ही सवय पुढे फार उपयोगी पडली. बँकेत, पंचायतीत आणि दवाखान्यात प्रश्न विचारायचं बळ त्यातूनच आलं. पुढे याच संस्थेने बचत गटांच्या जाळ्यातून आरोग्य सखी तयार केल्या. रक्तदाब मोजायचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र आणि टॅबलेट घेऊन त्या गावातल्या बायकांच्या दारात जाऊ लागल्या.

अणदूरच्या भारतवैद्य

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गाला लागूनच अणदूर आहे. इथला खंडोबा वर्षाचा बराच काळ अणदूरला आणि थोडा काळ नळदुर्गाजवळ मैलारपूरला मुक्कामाला असतो. देव दोन गावांत वाटून राहतो, असं लोक कौतुकाने सांगतात. डॉक्टर मात्र एका गावातही राहायला तयार नसायचे. त्याच अणदुरात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने बस्तान बसवलं. शशिकांत अहंकारी औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच तिथल्या विद्यार्थ्यांचा 'हॅलो' नावाचा गट तयार झाला होता. वैद्यकी समाजासाठी कशी वापरायची, यावर ही मुलं वाद घालत. त्यातून पुढे हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था आली आणि अणदूरचं जानकी रुग्णालय उभं राहिलं.

रुग्णालय बांधून प्रश्न सुटत नाही, हे त्यांना जामखेडच्या अनुभवावरून माहीत होतं. महामार्गावरच्या दवाखान्यात पोचणारा रुग्ण हा मुळातच पोचण्याइतपत ऐपत असलेला. जो पोचत नाही त्याच्यासाठी गावातच कुणीतरी हवं. म्हणून तुळजापूर, उमरगा, लोहारा या भागातल्या गावांमधून बायका निवडल्या गेल्या आणि त्यांना नाव दिलं 'भारतवैद्य'. नावातच एक ठाम म्हणणं होतं. वैद्य हा शब्द आजवर ज्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता, त्या जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायकांना तो बहाल केला गेला.

भारतवैद्याकडे पेटी असायची. तापाच्या, जुलाबाच्या, खरजेच्या नेहमीच्या औषधांबरोबर तिला शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे कधी थांबायचं आणि कधी पेशंटला गाडीत घालायचं. जुलाब झालेल्या पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली तर ठीक, सुरकुती तशीच राहिली तर पाणी कमी झालंय. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि चव अश्रूंपेक्षा खारट नको. ही जलसंजीवनी प्रत्येक घरातल्या बाईला शिकवायची. गरोदर बाईचं वजन, डोळ्याच्या खालच्या पापणीचा आणि नखांचा रंग, पायांवरची सूज, हे पाहून जोखीम ओळखायची. यातलं काहीच अवघड नाही. अवघड होतं ते सासूशी बोलणं. सून सहाव्या महिन्यात असताना तिला दुपारी झोपू द्या, पालेभाजी द्या, ती जड उचलणार नाही असं बघा, हे सांगायला गावातल्याच बाईची जीभ लागते. बाहेरून आलेल्या डॉक्टरला सासू 'बरं बरं' म्हणते, भारतवैद्याशी ती भांडते. भांडण झालं की निदान विषय निघाला असं समजायचं.

या कामातून आरोग्याच्या पलीकडचे प्रश्नही पुढे आले. रक्त कमी का, तर खायला कमी. खायला कमी का, तर बाई सगळ्यांच्या नंतर जेवते. नवरा पितो आणि मारतो, म्हणून ती दवाखान्यात यायलाही घाबरते. भारतवैद्यांच्या भोवती बचत गट, हिंसेविरुद्धचं काम आणि मुलींच्या शिक्षणाचं काम जमत गेलं, ते याच क्रमाने.

गडचिरोलीची वाट आणि आशा

याच काळात राज्याच्या दुसऱ्या टोकाला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत एक धाडसी प्रयोग केला. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार करायचं आणि नवजात बाळाची तपासणी तिनेच घरी करायची. गरज पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनही तिनेच द्यायचं. तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. हे गडचिरोलीतच जमतं की इतरत्रही, हे पाहायला राज्यातल्या काही संस्थांनी मिळून 'अंकुर' प्रकल्प हाती घेतला. त्यात अणदूरच्या हॅलोचाही सहभाग होता. जामखेड, अणदूर आणि गडचिरोली एकमेकांपासून शिकत होते. आदिवासी जंगलात जे उपयोगी पडलं ते दुष्काळी पठारावरही उपयोगी पडतं, हे त्यातून दिसलं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर 'आशा'. गावातलीच, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण २५ ते ४५ वयाची, आठवीपर्यंत शिकलेली. हजार-दीड हजार वस्तीमागे एक. काही वर्षांत धाराशिव जिल्ह्याच्या गावागावांत आशाताई आल्या. जामखेडपासून अणदूरपर्यंतच्या प्रयोगांनी जे सिद्ध केलं होतं, ते सरकारने मान्य केलं. मान्य करताना एक गोष्ट मात्र बदलली. आशाला पगार नव्हता. कामागणिक मोबदला: बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं की इतके, लसीकरण पूर्ण झालं की इतके. ती नोकर नाही, 'स्वयंसेविका' आहे, असं कागदावर लिहिलं गेलं. भारतवैद्य हा शब्द मानाचा होता. आशाच्या वाट्याला मानापेक्षा नोंदवह्याच जास्त आल्या.

तरी तिचं काम जवळून पाहिलं की त्यामागचं शास्त्र कळतं. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर लागू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. तिसऱ्या दिवशीची भेट अशी असते. आशाताई दारात चप्पल काढते आणि आधी साबणाने हात धुते. बाळंतिणीला विचारते, लघवी होते का, ताप आला का, अंगावरून किती जातंय. बाळाला कपड्याच्या झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्याला टांगते. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात, म्हणजे आकडे वाचायला अडलं तरी रंग कळतो. काखेत थर्मामीटर लावते. मग घड्याळाकडे बघत बाळाच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजते. साठच्या वर गेली की धोका. शेवटी बाळ नीट चिकटून पितंय का ते बघते आणि पहिल्या आंघोळीची घाई करू नका म्हणून सासूला बजावते. हे सगळं फॉर्मवर उतरवायला तिला अर्धा-पाऊण तास लागतो.

पाचवीच्या रात्री सटवाई यायच्या दोन दिवस आधी आशाताईने बाळाचं वजन लिहून ठेवलेलं असतं. घरात पाचवी पुजली जाते, पाटा-वरवंटा मांडला जातो आणि त्याच घरातून बाळ सुस्त वाटलं म्हणून आशाताईला फोनही जातो. पूर्वी 'तेवढंच लिहिलं होतं' म्हणून सोडून दिलेल्या बाळांपैकी किती तरी आता वेळेत दवाखान्यात पोचतात. सहा भेटींच्या या कामाचा मोबदला होता २५० रुपये.

दवाखान्यालाच प्रश्न

२००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात एक वेगळी गोष्ट सुरू झाली. आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवायची. महाराष्ट्रात सुरुवातीला पाच जिल्हे निवडले गेले: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद. राज्यपातळीवर पुण्याच्या 'साथी' संस्थेने सूत्रं सांभाळली आणि या जिल्ह्यात हॅलो मेडिकल फाउंडेशनने. गावातली आरोग्य समिती नर्सबाई येते का, औषधं मिळतात का, पैसे मागतात का, याची माहिती गोळा करे. त्यावरून गावाचं आणि दवाखान्याचं प्रगतीपुस्तक तयार होई. मग जनसुनवाई. अधिकारी समोर बसलेले, मांडवात बायका आणि हातात प्रगतीपुस्तक. औषध बाहेरून आणायला लावलं, बाळंतपणाला पैसे मागितले, रात्री दार उघडलं नाही, अशा तक्रारी नावागावानिशी मांडल्या जात. अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे.

भूकंपानंतर इंजिनिअरला प्रश्न विचारणाऱ्या बायकांचा जिल्हा या प्रयोगात असणं समजण्यासारखं आहे. आशाताईची मात्र इथे पंचाईत होई. गावातर्फे बोलावं तर आरोग्य खातं नाराज, खात्यातर्फे बोलावं तर गाव नाराज. ती कुणाची, हा प्रश्न जनसुनवाईच्या मांडवात उघडा पडला. त्याचं उत्तर आजही पूर्ण मिळालेलं नाही.

दुष्काळ, कोयता आणि एक एकर

२०१२ नंतरच्या ओळीने आलेल्या दुष्काळी वर्षांत आशाताईच्या रजिस्टरला नवी भोकं पडली. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्यातच परततात. बाई सातव्या महिन्यात असली तरी उचल घेतलेली असते, जावंच लागतं. गावात तिची नोंद असते, पण तपासणी नाही. जिथे ती उसाच्या फडात राहते, तिथे तिची नोंदच नसते. लसीकरण चुकलेली मुलं आणि न तपासलेल्या गरोदर बायका यांची मोठी संख्या अशा स्थलांतरात हरवते. गावनिहाय बांधलेल्या व्यवस्थेचा हा मोठा दोष आहे आणि तो एकट्या आशाताईच्या पायांनी भरून निघणारा नाही.

दुसरा प्रश्न ताटातला. सोयाबीन आणि उसाने शेत व्यापलं, तसं ताटातली ज्वारी, मूग, जवस, पालेभाजी कमी झाली. रक्तवाढीच्या गोळ्या वाटून थकलेल्या बायकांनी यावर स्वतःचा उपाय काढला. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायकांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतलं आणि त्यावर धान्य, डाळी, भाज्या अशी खायची पिकं घेतली. धाराशिवच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव नेलं. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. गोळी आणि भाजी यांचा हिशेब या बायकांनी एकत्र मांडला, तो आरोग्य आणि कृषी अशा वेगळ्या खात्यांत विभागलेला नव्हता.

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशभरातून आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्याबरोबर उस्मानाबादचं नाव होतं. मागासलेपणाच्या यादीतून नाव काढायचं तर लसीकरण, कुपोषण, बाळंतपणं यांचे आकडे सुधारावे लागतात. ते आकडे गोळा करणारी आणि ते बदलणारीही तीच आशाताई.

साथ, संप आणि हिशेब

२०२० मध्ये कोरोना आला. पुण्या-मुंबईहून गावाकडे परतणाऱ्यांची यादी, घरोघरची तपासणी, शाळेतल्या विलगीकरणाची देखरेख, सगळं आशाताईकडे. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन ती दारोदार फिरली. काही घरांनी तिच्या तोंडावर दार लावलं, कारण तिच्या नोंदीमुळे घर सील होण्याची भीती होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला.

त्या गौरवाच्या आधी, जून २०२१ मध्ये, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला होता. त्यातून हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप, जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मानधनात दरमहा ५ हजार रुपयांच्या वाढीला मंजुरी दिली. जिने इतरांच्या बाळंतपणाच्या अनुदानाचे फॉर्म भरले, तिला स्वतःला निवृत्तिवेतन नाही, रजा नाही, आणि मानधन वेळेवर येईल याचीही खात्री नाही.

या साऱ्या वाटचालीतून एक निवाडा निघतो. जामखेड, अणदूर आणि गडचिरोली या तिन्ही ठिकाणी बदल घडला तो गरिबाच्या घरातून आलेल्या बाईच्या हाती ज्ञान आणि अधिकार दोन्ही दिल्यामुळे. सरकारने तिला ज्ञान दिलं, कामही भरपूर दिलं, पण अधिकार आणि पगार देताना हात आखडला. विषमता कमी करणारीच विषमतेची धनी राहिली, तर हे काम पुढची पिढी का करील?

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत आरोग्य समितीच्या निधीचा हिशेब मागा आणि त्याच बैठकीत आशाताईचं मानधन किती महिन्यांचं थकलंय हेही विचारा. गावाला दुखणं अंगावर काढू नका असं सांगणाऱ्या या बाईवर तिचं स्वतःचं दुखणं अंगावर काढायची वेळ येऊ देऊ नका.